बांधावरची नावं

माझ्यामुळे एका भल्या माणसाची नोकरी गेली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. हे असं एकदम सांगून टाकलेलं बरं. आजवर मी ही गोष्ट सांगायला बसले की आधी गावाचं वर्णन करते, मग पाऊसपाण्याचं बोलते, आणि मुद्द्याशी आले की कुणासाठी तरी चहा टाकायला उठते. आता घरात चहा पिणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

गाव जाफराबादच्या अलीकडे, पूर्णेच्या काठापासून कोसभर आत. वडील गावचे पटवारी. पोलीस ॲक्शनला वर्ष होऊन गेलं होतं. निजामाचं राज्य गेलं तसे शाळेच्या भिंतीवरचे उर्दू तक्ते उतरले आणि शाळा मराठी झाली. आम्हा पोरांना त्याचं काही वाटलं नाही. घरी जे बोलतो तेच शाळेत बोलायचं, यात जड काय होतं? जड गेलं ते मास्तरांना.

मास्तर औरंगाबादचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. सगळं शिक्षण उर्दूत झालेलं आणि पंधरा वर्षं शिकवलंही उर्दूतच. मराठी त्यांना बोलता यायची, पण बाजारात भाजी घ्यायची मराठी वेगळी आणि फळ्यापुढे उभं राहून शिकवायची वेगळी. रोज संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येत. वडील आणि ते मिळून एकच वर्तमानपत्र वाचत, एकाचं वाचून झालं की दुसऱ्याचं सुरू. पोलीस ॲक्शननंतर गावात त्यांचं फिरणं कमी झालं होतं. आमचा ओटा, मशीद आणि शाळा, एवढंच त्यांचं गाव उरलं होतं.

अशाच एका संध्याकाळी ते फार गप्प होते. वडिलांनी विचारल्यावर कळलं की दसऱ्यानंतर शाळेचे नवे साहेब पाठ बघायला येणार आहेत. साहेब देशावरचे, कडक. त्यांचा भर निसर्गपाठावर. मास्तरानं परिसरातली वीस फुलं-पाखरं मुलांना दाखवावीत, नावानिशी, मराठीतून. पाठ चांगला झाला तर मास्तर कायम, नाही तर घरी.

"पटवारीसाहेब, गुल मी वळखतो, परिंदे बी वळखतो," मास्तर म्हणाले. "पन मराठीत त्यांची नावं काय, ते कुनाला इचारू? चावडीवर इचारलं तर उद्या पोरं बोलतील, मास्तरला गवताचं नाव न्हाई मालूम. मंग वर्गात कोन ऐकंल माझं?"

"मला बिलकुल इचारू नका," वडील म्हणाले. "शेतात काय पेरलंय ते मी सर्व्हे नंबरासकट सांगीन. बांधावर काय उगवलंय ते दफ्तरात लिहायचं नस्तं, म्हणून मी कधी बघितलं न्हाई." मग म्हणाले, "आमच्या पोरीला ठाव हायेत. तिच्या आईनं शिकवल्यात."

मी दाराच्या आत तांदूळ निवडत होते. आई माघात गेली होती, तापाचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत आटोपलं. तेव्हापासून वडिलांनी तिचा विषय काढला नव्हता, तिच्या वस्तूंकडेसुद्धा ते बघत नसत. त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून 'तिच्या आईनं' हे शब्द आले आणि माझे हात सुपातच थांबले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो अभिमान. माझ्या आईनं शिकवलेलं आता मास्तरांना लागणार होतं.

आई जालन्याची, मस्तगडातली. चिंचोळी गल्ली, वर पत्रे, समोरच्याची भिंत हात लांब केला तर लागेल अशी. लग्न होईपर्यंत तिनं शेत पाहिलं नव्हतं आणि लग्नानंतरही फारसं पाहिलं नाही. आमच्या घरच्या बायका शेतात जात नसत. वर्षातून दोनदा ती माहेरी जाई, तेव्हा दमणी जोडली जायची. वडील पुढे गाडीवानाजवळ बसत. मागे पडदा लावलेला, आत आई आणि मी. पडद्याच्या फटीला आम्ही दोघी डोळे लावून बसायचो, वरच्या बाजूला तिचे आणि खाली माझे.

मी विचारायची, आई, ते काय गं? आणि आई सांगायची. प्रत्येक फुलाला, प्रत्येक पाखराला तिच्याकडे नाव असे. तिला 'ठाऊक नाही' म्हणताना मी एकदाही ऐकलं नाही. जालन्यापर्यंत दिवस मोडायचा, पण तो दिवस मला कधी लांब वाटला नाही. घरी आल्यावर मी ती नावं झोपेपर्यंत घोकत असे. आमच्या घरच्या मुलीही शेतात जात नसत, त्यामुळे त्या नावांवरून कुणाशी बोलायची वेळच आली नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मास्तर, त्यांच्या बायको आणि मी. मी त्यांना चाची म्हणायची. त्या मास्तरांपेक्षा बऱ्याच लहान, पंचवीस-सव्वीसच्या असतील. नऊ वर्षांच्या मुलीला एकट्यानं रानात कसं न्यायचं, म्हणून मास्तरांनी त्यांना बरोबर घेतलं होतं. गावातून जाताना त्या बुरख्यात होत्या, माझा हात त्यांच्या हातात. ओढा ओलांडून आम्ही बाजरीच्या वावराशी आलो तशा त्या थांबल्या, चारी बाजूंना पाहिलं, आणि चेहऱ्यावरचं कापड मागे टाकलं.

"या अल्लाह," त्या म्हणाल्या. "किती उजेड हाय हो इथं."

आश्विन होता. बाजरीची काढणी चालू होती, कपाशीला पिवळी फुलं होती, तूर माझ्या डोक्याच्या वर गेली होती. बांधावर तर पाय ठेवायला जागा नव्हती, इतकं काय काय फुललेलं. मास्तरांनी शाळेची एक लांबट वही आणली होती आणि कानावर पेन्सिल खोचली होती. त्यांच्याकडे बघून मला हसू आलं. वर्गात आम्ही त्यांच्यापुढे जसे उभे राहायचो तसे ते माझ्यापुढे उभे होते.

बाजरीत ठिकठिकाणी पांढरे-गुलाबी उभे तुरे आले होते. "ही देवाची वात," मी म्हटलं. मास्तरांनी लिहिलं. बांधाच्या ओलसर कडेला निळी, नखाएवढी फुलं होती. "ही नीळबाई. कपड्याला नीळ देतात ना, तिची बाई." मास्तर लिहीत होते उर्दूत, उजवीकडून डावीकडे, भरभर. शब्द माझ्या आईचे आणि अक्षरं त्यांची. मला ते बघायला फार आवडलं, म्हणून मी सावकाश सांगत होते.

रुईच्या झुडपावर केशरी फुलपाखरं होती, पंखांच्या टोकांना काळी-पांढरी. ती कुंकवाची पुडी. कपाशीवरून उडणारी लहान पिवळी, ती हळदपुडी. एक हिरवं, बारीक चणीचं पाखरू बाभळीच्या काटकीवरून उडायचं, हवेत काहीतरी पकडायचं आणि पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसायचं. "ती माहेरवाशीण," मी सांगितलं. "कितीही लांब गेली तरी तिथंच येते."

चाची खळखळून हसल्या. एवढ्या मोठ्या बाईला इतक्या जोरात हसताना मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मास्तरही हसले. "मराठीत लई मजा हाय," ते म्हणाले. "आमच्या किताबात इतकी मजा नव्हती."

मग मला चेवच आला. काळं, शेपटीला दोन टोकं असलेलं ते दोनशेंड्या. डोक्यावर तुरा उभारून जमीन टोकरणारा तो तुरेवाला शिपाई. त्याला मास्तर हुदहुद म्हणाले आणि खुश झाले, त्यांच्या ओळखीचं कुणीतरी भेटलं होतं. पिवळ्या फुलाचं, पानापानाला काटे असलेलं ते झुडूप म्हणजे रुसकी. काही नावं मला साधी, सगळ्यांची अशीही ठाऊक होती. तरवड, रुई, धोतरा, टिटवी, होला. पण ती मास्तरांनाही ठाऊक होती, म्हणून ती सांगण्यात मला गोडी नव्हती.

दुपारी आम्ही विहिरीजवळच्या लिंबाखाली बसलो. माझ्या फडक्यात भाकरी आणि तिळाची चटणी होती, चाचींच्या डब्यात गुळाचे गुलगुले. त्यांच्या हातचं खायचं की नाही हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी ते मुद्दाम विचारलंही नव्हतं. मी चार गुलगुले खाल्ले.

"नावं कुनी शिकवली गं बेटी?" चाचींनी विचारलं.

"आईनं."

"आई खेतात जायची?"

"न्हाई. दमणीतून बघायची. पडद्यातून."

चाचींचा घास हातातच राहिला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग मास्तरांकडे पाहिलं. ते वही मांडीवर घेऊन नावं पाठ करत होते, ओठ हलत होते. चाची काहीतरी बोलणार असं मला वाटलं. त्या बोलल्या नाहीत. डब्यातला शेवटचा गुलगुला त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "बहुत चांगली नावं हायेत. कुनी बी काही बोललं तरी चांगली हायेत."

त्या नजरेचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. पुढे कळला, आणि त्या का गप्प बसल्या हेही कळलं. बोलल्या असत्या तर नवऱ्याची नोकरी राहिली असती आणि माझी आई दुसऱ्यांदा गेली असती. त्यांनी निवड केली की त्यांना तेवढा अंदाजच नव्हता, हे मी आजही ठरवू शकत नाही. रागावू का उपकार मानू, तेही कळत नाही. दोन्ही वाटतं.

परत निघालो तेव्हा विहिरीच्या दगडांत एक बारीक वेल दिसली. फिक्या गुलाबी रंगाची फुलं, उन्हानं मिटलेली. हे आईनं मला दाखवलं नव्हतं. मला ठाऊक नाही, असं मी म्हटलं, आणि म्हणताना फार वाईट वाटलं.

"ह्याला दुपारची झोप बोलतेत," चाची पटकन म्हणाल्या.

"तुला कसं मालूम?" मास्तरांनी विचारलं.

"हाय मालूम."

मास्तरांनी लिहिलं. मोजून एकोणीस झाली. एक कमी होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं. ओढ्याच्या या बाजूला एका वठलेल्या बोरीवर एक पाखरू बसलं होतं. मळकट तपकिरी, मोठ्या डोक्याचं, अगदी गबाळं. मास्तर पुढे निघाले होते. मी त्यांची बाही धरून ओढली. "थांबा. आता ते उडू द्या."

ते उडालं. पंख उघडले आणि आत निळं निघालं. एक फिकं निळं, एक गर्द निळं, पट्ट्यापट्ट्यांनी. उडता उडता ते वाकडं होऊन वळलं आणि ते सगळं निळं आमच्यासमोरून गेलं. मग ते दुसऱ्या खोडावर बसलं आणि पुन्हा मळकट झालं.

"घडीचा शालू," मी म्हटलं.

आईकडे एक निळा शालू होता. ट्रंकेत, तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेला. लग्नानंतर तो नेसायला तिला निमित्त मिळालं नाही. वर्षातून एकदा ती तो उन्हात घालायची, उलटा, म्हणजे रंग उडू नये. मला बाहेरून मळकी उलटी बाजू दिसायची, मग ती एक कोपरा उचलून आतलं निळं दाखवायची आणि पुन्हा झाकायची. माघात ती गेली तेव्हा सवाष्ण गेली म्हणून तोच शालू तिच्या अंगावर घातला. मी तो पुरा उघडलेला त्याच दिवशी पाहिला.

हे मी त्या दोघांना सांगितलं नाही, सांगता आलंच नाही. मी बांधावर बसले आणि रडायला लागले. आई गेल्यावर मी घरात रडले होते, पण ते लोकांबरोबरचं रडणं होतं. हे माझं एकटीचं होतं. मास्तर गोंधळून वहीकडे बघत उभे राहिले. चाची खाली बसल्या, मला त्यांनी बुरख्याच्या आत ओढून घेतलं, आणि बराच वेळ आम्ही दोघी त्या काळ्या कापडाच्या आत होतो.

मास्तरांनी पाठाची तयारी जीव ओतून केली. त्यांना चित्रं छान काढता यायची, हे आम्हाला तेव्हाच कळलं. सगळी पाखरं आणि फुलपाखरं त्यांनी कागदावर रंगवली. माहेरवाशीण तर अगदी काटकीसकट. पाठाच्या दिवशी सकाळी ते एकटेच बांधावर जाऊन फुलं घेऊन आले आणि पाण्याच्या तांब्यात घालून टेबलावर मांडून ठेवली. नवा पांढरा सदरा होता, केस नीट चोपलेले.

साहेब खुर्चीवर बसले. मी पुढच्या रांगेत होते, पाटी मांडीवर घेऊन ताठ बसलेली. हे सगळं माझ्या आईचं होतं आणि ते साहेब ऐकणार होते.

मास्तरांनी तांब्यातला एक तुरा उचलला. "मुलांनो, ही देवाची वात."

मागून शेतकऱ्याचा एक पोरगा ओरडला, "मास्तर, ते कुर्डू हाय!"

थोडी खसखस पिकली. मास्तर थांबले, हसले, पुढचं फूल घेतलं. "ही नीळबाई."

"केना हाय त्यो! आमची म्हैस खाती!"

आता वर्ग मोकाट सुटला. साहेबांपुढे हसायचं नसतं हे पोरं विसरली. कुंकवाच्या पुडीला हसली, हळदपुडीला हसली. माहेरवाशिणीचं चित्र वर केलं तेव्हा एकानं, "वेडा राघू! वेडा राघू!" म्हणून टाळ्या पिटल्या. मास्तरांचा आवाज बारीक होत गेला, पण ते थांबले नाहीत, एकामागून एक चित्र वर करत राहिले. नावं इतकी घोकली होती की आता थांबावं तर पुढे काय बोलायचं हे त्यांना सुचलं नसावं. घडीचा शालू म्हटलं तेव्हा तर पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली.

साहेबांनी हात वर केला. वर्ग चूप झाला.

"मास्तर, ही नावं तुम्ही कुठून आणलीत?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण, पण पाहिलं. मी पाटीवर बोटानं रेघ ओढत होते. मला तेव्हा सगळं एकदम कळलं होतं. आईला एकाही फुलाचं नाव ठाऊक नव्हतं. मस्तगडाच्या गल्लीत वाढलेली बाई, तिला कुठून ठाऊक असणार? मी विचारलं आणि तिनं रचलं, दर वेळी, दमणीचं चाक एकदा फिरायच्या आत. आणि मला आईचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला तर तो ठेवायचा कुठे, हे मला अजून समजलेलं नाही.

"मी शहरचा माणूस, साब," मास्तर म्हणाले. "मला मालूम नव्हती. मीच मनानं ठेवली."

"सरकारी पाठात मनाची नावं?" साहेबांनी विचारलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मी उठले नाही. उठायचं, 'मी सांगितली' म्हणायचं, एवढंच होतं. नऊ वर्षांच्या मुलीला शिक्षा काय झाली असती, फार तर छडी. पण उठले तर आईच्या नावावर वर्ग पुन्हा हसला असता. ते मला सोसलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं काय ते देव जाणे. भीतीही असेल.

महिन्याभरात हुकूम आला. मराठीचं ज्ञान अपुरं, म्हणून मास्तरांना कमी केलं. ते चाचींना घेऊन हैदराबादला भावाकडे जायला निघाले. सामान म्हणजे दोन ट्रंका आणि एक गाठोडं. जाण्याआधी मास्तर आमच्या ओट्यावर आले, बसले नाहीत. मी दाराआड उभी होते आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"बेटीला द्या," म्हणून त्यांनी वडिलांच्या हातात ती लांबट वही दिली. "तिचीच हाय."

गाडी वेशीकडे गेली तेव्हा मी ओट्यावर धावत आले. मागे पडदा लावला होता. पडद्याच्या फटीतून दोन बोटं बाहेर आली, थोडा वेळ राहिली आणि आत गेली.

 वडिलांनी वही दफ्तराच्या कपाटात ठेवली. आठ-दहा दिवस मी त्या कपाटाभोवती घुटमळले आणि एका दुपारी धीर करून वही काढली. उघडली तर आत सगळं उर्दू. मी शाळेत गेले ती शाळा मराठी झाल्यावर, उर्दू मला कुणी शिकवलीच नव्हती. आईचे शब्द माझ्या हातात होते आणि मला एकही वाचता येत नव्हता.

वडील जेवून ओट्यावर पान लावत बसले होते. मी वही त्यांच्यापुढे धरली. "वाचून दाखवा."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. पहिल्या पानावरून बोट फिरवलं. मास्तरांनी ते सगळं नव्यानं, सुबक अक्षरात उतरवलं होतं आणि मधे उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. एका रकान्यावर लिहिलं होतं, 'आईचं नाव'. दुसऱ्यावर, 'लोकांचं नाव'. पाठ फसल्यावर, नोकरी जाणार हे ठाऊक असताना, तो माणूस पुन्हा बांधावर गेला होता. या वेळी त्यानं लोकांना विचारलं होतं, आणि खरी नावं शेजारी लिहिली होती. आईचं एकही खोडलं नव्हतं.

"देवाची वात," वडिलांनी वाचलं. "लोक कुर्डू म्हणतात." पुढे, "नीळबाई. लोक केना म्हणतात." ते सावकाश वाचत होते. "माहेरवाशीण. लोक वेडा राघू म्हणतात." दुपारच्या झोपेपाशी दुसरा रकाना कोराच होता. घडीच्या शालूपाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला, मग तो सोगा डोळ्यांवर धरून बसले. "ह्याला चास म्हणतात," ते तसेच म्हणाले. ते त्यांना न वाचता ठाऊक होतं.

"मी वर्गात उठले न्हाई," मी म्हटलं. मला आता ते पोटात ठेवता येईना.

"मास्तरनं सांगितलं मला. पोरीला काही बोलू नका म्हणले." मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "दमणीत मी पुढं बसून राह्यचो. मागं तुम्ही काय बोलून राह्यल्या ते चाकाच्या आवाजात ऐकूच यायचं न्हाई. मला वाटायचं, झोपल्यात."

मास्तरांना मी पुढे कधी पत्र लिहिलं नाही. आधी लिहिता येत नव्हतं, मग पत्ता नव्हता, मग पत्ता मिळवता आला असता पण धीर नव्हता. आता ते नसणारच. माफी मागायची राहून गेली ती गेलीच.

त्या दुपारी वडिलांनी वही मिटली नाही. मागे पानं कोरी होती. ते आत गेले, दौत आणि टाक घेऊन आले. जमिनीच्या कागदांखेरीज काही लिहिताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी टाक बुडवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आजून काय काय म्हणायची ती? समदं सांग."

मी सांगितलं. पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या किड्यांची नावं, पारव्याचं, आमच्या परसातल्या एका गवताचं. तीन-चार झाली आणि माझ्याकडची आईची नावं संपली. वडिलांचा टाक कागदावर थांबलेला होता. "आजून?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला नाही म्हणवेना.

समोर लिंबावर एक पाखरू बसलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि एक नाव सांगितलं. ते आईचं नव्हतं. मग आणखी एक सांगितलं, मग आणखी. वडिलांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि तीही सगळी लिहून घेतली.